श्रावण खंडारेंचे डोळे

आधी हे ऐकून घ्या, की मी भांडण सोडलेलं नाही. तुम्हाला जाऊन महिना उलटून नऊ दिवस झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये, चार शब्द बरे बोलावेत. ते काम पोस्टातल्या तुमच्या सोबत्यांनी शोकसभेत केलं. कोणी ‘मनमिळाऊ’ म्हणालं, कोणी ‘कर्तव्यदक्ष’. साहेबांनी तुमचं आडनाव चुकीचं घेतलं, कोणीतरी कानात सांगितलं, तेव्हा ते खोकले आणि पुढं बोलत राहिले. तुम्ही किती हट्टी होतात, ते एकानंही सांगितलं नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवायचात आणि मी पहिला घास घेऊन ओरडले की गालात हसायचात, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं आणि मनात म्हटलं, हा कोण माणूस गेला बुवा? माझा तर वेगळा होता.

तुम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात सतरा वर्षं टपाल वाटलं. मी नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते, म्हणून तुम्ही मला घरातही ‘मास्तरीणबाई’ म्हणायचात. मूल झालं नाही. घरात आपण दोघं आणि तुमची आई. एवढ्या लहान घरात एवढं मोठं भांडण तीन वर्षं कसं मावलं, याचं मला आता नवल वाटतं.

त्याची सुरुवात माझ्याच वर्गात झाली. आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, बाकं बाहेर काढून माझ्या वर्गात खाटा टाकल्या होत्या. तुम्ही तुमच्या टपालवाटेवरच्या एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आलात आणि संध्याकाळपर्यंत तिथंच रमलात. डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं ते तुम्ही घरी येऊन मला समजावलं, तेही जेवता जेवता. डोळ्याच्या बुबुळावर पुढच्या बाजूला काचेसारखा पडदा असतो. त्यावर फूल पडलं की माणूस आंधळा होतो, मागचा डोळा चांगला असला तरी. घड्याळाची काच धुरकटली म्हणून कोणी घड्याळ फेकून देत नाही, काच बदलतात. तशी ही काच मेलेल्या माणसाची काढून जिवंत माणसाला बसवता येते. त्या पडद्यात रक्त नसतं, म्हणून तो परक्या शरीरातही बहुतेक वेळा धरतो. मात्र माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.

"माह्ये देऊन टाकतो," तुम्ही म्हणालात. कोणाला जुनी छत्री द्यावी तसं.

"कोनाले?"

"ज्याले लागन त्याले."

"अन् तो त्या ओट्यावाल्यापैकी निंगाला तं?"

ओटेवाले म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. जुन्या शहरात अशी घरं होती की तिथं तुम्ही पत्र हातात देऊ शकत नव्हतात. ‘ओट्यावर ठेव’ म्हणायचे. तुम्ही ठेवायचात, चार पावलं मागं व्हायचात, मग आतून कोणी येऊन उचलायचं. सरकारी टोपी, सरकारी पिशवी, आणि तरी चार पावलं. आपण धम्म घेतला त्याला इतकी वर्षं झाली, आपण देव सोडले, गावकी सोडली, ढोरं ओढायची सोडली, पण ती चार पावलं त्यांनी काही सोडली नाहीत.

तुम्ही म्हणालात, "त्याले दिसाले लागलं तं मले वर ये म्हनन."

तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. मी चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातली. आठ वर्षांची असताना विहिरीच्या बाहेर उन्हात ओंजळ धरून बसायची. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, आणि निम्मं कोपरावरून खाली जायचं. तशी ओंजळ तुम्हीही धरलीत. तुमच्या मनातून ते कसं निघून गेलं, हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचात, "निंगून नाही गेलं. पन मी ते उरावर घेऊन टपाल कसा वाटू?"

मग तुम्ही तुमचं ठेवणीतलं काढायचात. पोस्टमन चिठ्ठी कोणाची, कशाची ते पाहत नाही, पत्ता पाहतो आणि नेऊन देतो. डोळ्यांचंही तसंच. मी एकदा उलट विचारलं, "बरं, चिठ्ठीवर धाडनाऱ्याचं नाव असते का नाही?"

"असते."

"ज्याच्यावर नाव नसते ते चिठ्ठी कोन धाडते?"

निनावी चिठ्ठी भेकड माणूस धाडतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "मंग द्या डोळे. पन ज्याले देसान त्याले नाव सांगा. श्रावण खंडारे, पोस्टमन, बौद्ध. हे ऐकून जो घेईन त्याले द्या." तुम्ही म्हणालात, "चहा कर." तीन वर्षांत मी तुम्हाला निरुत्तर केलं ते तेवढंच एकदा, आणि त्याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

तो फॉर्म दीड वर्ष कपाटात पडून होता. साक्षीदार म्हणून बायकोची सही हवी होती आणि मी देत नव्हते. मग या हिवाळ्यात पेपरात आलं की समुद्रापलीकडं एका माणसाचं काळीज काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं. तुम्ही ती बातमी मला दोनदा वाचून दाखवलीत, जणू तुम्हीच करून आला होतात. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तेही देऊन टाका मंग. माह्यासाठी तसंही कुठी ठेवलं?"

"ते खराब हाय," तुम्ही म्हणालात. "ते कोनी घेनार नाही."

मला वाटलं, थट्टा. तुम्ही थट्टेच्याच सुरात बोललात. सिव्हिलमध्ये दोनदा दाखवून आला होतात, छातीत कळ येत होती, चढ आला की सायकल हातात धरून चालत होतात, हे सगळं मला तुम्ही गेल्यावर तुमच्या सोबत्यांकडून समजलं. हे मी माफ करणार नाही. डोळ्यांचं एक वेळ करीन, याचं नाही. सगळ्या गावाची पत्रं पोचवलीत, आणि आपल्याच घरचं एक दडवून ठेवलंत.

ती बातमी वाचतानाचा तुमचा चेहरा आठवून त्याच आठवड्यात मी सही केली. अट घातली की नाव सांगायचं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात, इतक्या लवकर म्हणालात की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवलात, पुन्हा उतरवलात. "जरा पाठ टेकतो," म्हणालात. मी शाळेच्या घाईत होते, वळूनही पाहिलं नाही. डबा भरून आले तर तुम्ही गेला होतात. एवढंच. मी हाक मारली नाही, कारण तुमचा चेहरा पाहूनच कळलं. मी पहिली गोष्ट केली ती ही की घड्याळ पाहिलं. साडेआठ. तुमच्या आईंनी टाहो फोडला आणि मी घड्याळ पाहत उभी. बायका आजही कुजबुजतात त्यावरून. कुजबुजू द्या.

सायकलदुकानवाल्या रहीमभाईंना मी शिबिरातल्या त्याच डॉक्टरांकडं पिटाळलं. त्यांनी तेव्हा सांगितलं होतं ते सगळं डोक्यात होतं. पापण्या मिटवल्या, त्यावर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा दिल्या, खिडकी लावली. अश्रू पुसायला वेळ नव्हता आणि खरं सांगू का, ते बरंच झालं.

मग तुमचे भाऊ आले. भावजींना सगळं कळायला पाच मिनिटं लागली आणि पेटायला एक. अंगणात माणसं जमली होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "वयनी, ज्यायनं आपल्याले घोटभर पानी नाही देलं, त्यायले माह्या भावाचे डोळे द्याचे? कावून?"

ते वाक्य माझं होतं. तीन वर्षं ते मी तुमच्यावर फेकत आले होते, शब्दही तेच. आणि आता ते उलट्या बाजूनं माझ्या अंगावर आलं. सगळं अंगण माझ्याकडं पाहत होतं. तुमचं उत्तर मला पाठ होतं, पण ते तुमच्याच तोंडी शोभतं. टपाल, पत्ता, त्यातलं काही मला म्हणता येईना. मी म्हटलं, "भावजी, आजपर्यंत ओंजळ आपली होती अन् वरून ओतनारा हात त्यायचा. आज वरचा हात आपला हाय. आज त्यायले आपल्याखाली ओंजळ धरा लागन. हे मी सोडनार नाही."

तुम्हाला हे कारण आवडलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, मास्तरीणबाई, देता देता सूड कायले घेता? पण तुम्ही तिथं आडवे पडला होतात आणि लढाई माझ्या एकटीवर आली होती. मी माझ्याच हत्यारानं लढणार. भावजी दारातून बाजूला झाले. पटलं म्हणून नाही, मला वाटतं, त्यांनाही त्या वरच्या हाताची चव एकदम जाणवली.

तुमच्या आईंचं वेगळं होतं. त्या मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माहा लेक आंधळा जन्माले येईन."

"आई, पुढचा जन्म नाही आता. ते आपन सोडून आलो."

"तुमी सोडून आल्या. मी म्हातारी काय काय सोडू?"

त्यांनी सत्तर वर्षांचे देव एका दिवसात नदीत सोडले, कारण लेक म्हणाला. मग नवस सोडले, उपास सोडले. आता लेकच सोडायचा, आणि तोही सबंध नाही. मग त्यांनी विचारलं, "दुखन का त्याले?"

"नाही, आई."

"मंग घ्या म्हनाव."

डॉक्टर यायला अकरा वाजले. त्यांनी तुमच्या डोळ्यांवरचा कापूस उचलला आणि ओरडले, "हे काय घातलंय?" उजव्या डोळ्याच्या कडेनं तेल ओघळत होतं. मी आईंकडं पाहिलं. त्या कोपऱ्यात एरंडेलाची बाटली पदराखाली धरून उभ्या होत्या. मी अंगणात लोकांशी झगडत होते तेवढ्यात त्यांनी घातलं होतं. ‘डोळे सुकू द्यायचे नाहीत’ असं मी कोणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं होतं. आणि डोळ्याला आपल्याकडं काय घालतात? एरंडेल. तुमच्या लहानपणी डोळे आले की त्यांनी तेच घातलं असणार. डॉक्टर चिडून बोलत होते आणि त्या एवढंच म्हणत होत्या, "थंडे राह्यते, सायेब. चांगलं हाय, घरचं हाय."

डॉक्टरांनी तो डोळा चार वेळा धुतला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहू. बहुधा काही होणार नाही, पण सांगत नाही." मग त्यांनी दार लावून घेतलं. वीस मिनिटं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "आता चेहरा पाहा." कापसाची घडी आत ठेवून पापण्या मिटवल्या होत्या. खड्डे पडतील, भेसूर दिसेल, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं ते सगळे पुढं झाले. आईंनी तुमच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "निजल्यावानीच दिसते."

खरं घोडं पुढं अडलं. डोळे बसवणारे डॉक्टर अमरावतीला. इथल्या डॉक्टरांनी काचेच्या बाटलीत ओल्या कापसावर डोळे ठेवले, बाटली थर्मासात, भोवती बर्फ. थर्मास त्यांच्या शिपायानं दुपारच्या गाडीनं न्यायचा असं ठरलं होतं. शिपायानं थर्मास पाहिला आणि हात मागं घेतले. "सायेब, नौकरी घ्या पाह्यजे तं. मेलेल्या मानसाचे डोळे घेऊन मी गाडीत बसनार नाही. रस्त्यात त्यायनं माह्याकडं पाह्यलं तं?"

हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं, प्रेताच्या शेजारी उभं राहून, आणि मी तोंडात पदर कोंबला. बायकांना वाटलं, आता कुठं रडली.

डॉक्टरांना चाळीस रोगी सोडून जाता येत नव्हतं. भावजींना तुमच्यासोबत मोर्णा नदीवरच्या मसणात जायचं होतं. मी थर्मास उचलला. अंगणातून एकदम आवाज झाला, सगळ्यांचा मिळून एकच. नवऱ्याला उचललं नाही आणि बायको गाडीत बसायला निघाली, असं आपल्या पुऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं. कोणी आडवं येणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "जा तू. इथं रडाले आमी पुष्कळ हाओत."

मी वाकून तुमच्या पायांना हात लावला आणि निघाले. तुम्हाला नेताना मी नव्हते. बुद्धवंदना, तिसरण म्हटलं तेव्हा मी नव्हते. चार जणांच्या खांद्यावर तुम्ही नदीकडं गेलात तेव्हा मी बोरगावच्या पुढं होते, आणि तुमचं जे उरलं होतं ते माझ्या मांडीवर होतं. कोणती वाट खरी अंत्ययात्रा होती, ते लोकांनी ठरवावं. मला माझी ठाऊक आहे.

तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मूर्तिजापूरला एक जाड बाई चढली, माझ्याजवळ दाटीवाटीनं बसली आणि थर्मासाकडं पाहून लाडानं म्हणाली, "च्या हाय का, बाई? घोटभर द्या ना, लेकराले."

"डोळे हायेत," मी म्हटलं.

"काय?"

"मानसाचे. माह्या मालकाचे. सकाळी वारले."

बाकडं रिकामं झालं. तुमच्यामुळं मला आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्या वर्गात पाय पसरून बसायला मिळालं. कुरुमपर्यंत मी ताठ बसले. मग थर्मासाला कान लावला. आत बर्फ हलत होता, खडखड. त्या खडखडीनं माझा बांध फुटला आणि बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत मी हमसून हमसून रडले. मला बघायला आलात तेव्हा ज्या डोळ्यांनी चांदूर रेल्वेच्या फलाटावर मामाच्या आडून डोकावून पाहिलं होतं, ते मी बाटलीत घालून नेत होते. मनात म्हटलं, परत फिरावं. हे काय करून बसले मी? माझे होते ते. जगाचे कधी झाले? ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आता सांगते: मी भांडले ते सगळं त्या ओटेवाल्यांसाठी नव्हतं. थोडं यासाठीही होतं की मला तुम्ही सबंध हवे होतात.

अमरावतीच्या डॉक्टरांनी थर्मास घेतला आणि मी लगेच माझी अट सांगितली. ज्यांना बसवाल त्यांना नाव सांगा. ते तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी मला दारातून व्हरांड्यातला एक म्हातारा दाखवला. अंजनगाव सुर्जीकडचा शेतकरी, काळी जमीन बाळगून असलेला. त्याची एकोणीस वर्षांची लेक कमल आत होती. एक डोळा लहानपणी देवीनं गेला, दुसऱ्यात कपाशीच्या पऱ्हाटीचा फाटा लागला आणि फूल पडलं. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं होतं.

"त्यांना आत्ता सांगितलं आणि ते पोरीला घेऊन उठून गेले," डॉक्टर म्हणाले, "तर हा डोळा मी उद्या कोणाला बसवू? फार तर उद्यापर्यंत टिकतो तो. एकदा टाके निघू द्या, बाई. मग तुमची मर्जी."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. म्हातारा माझ्याकडं पाहत होता. म्हणाला, "कोनी भरती हाय का तुमचं?"

"नाही. डोळे घेऊन आली. अकोल्याहून."

तो सरसावून बसला. टोपी काढली, पुन्हा घातली. "मानूस कोन होता, बाई?" आणि मग हळूच, "आपल्यातला होता ना?"

सकाळपासून मी भावजींशी लढले, अंगणाशी लढले, गाडीत एका अनोळखी बाईच्या तोंडावर सांगितलं. आता तोंड उघडायचं होतं ते इथं. श्रावण खंडारे, पोस्टमन, बौद्ध. चार शब्द. आतून एका पोरीचा आवाज येत होता, ती नर्सला विचारत होती की उद्या किती वाजता.

"मले मालूम नाही," मी म्हटलं. "मी फक्त आनून देल्ले."

ज्या दिवशी तुम्ही गेलात त्याच दिवशी मी म्हटलं की हा माणूस मला ठाऊक नाही. तुमच्या चितेची आग तेव्हा विझलीही नसेल. हे मी तुमच्यासाठी केलं, आणि तुम्ही ऋणात आहात माझ्या. वर मान करून कोणाला सांगू नका की ‘मास्तरीणबाईला शेवटी पटलं’. पटलं नव्हतं.

दुसरा डोळा, तो एरंडेलाचा, एका शिंप्याला बसवला. तो धरला नाही, आठ दिवसांत धुरकट झाला. डॉक्टर म्हणतात, तेलानं नाही, असं होतं कधी कधी. सगळेच पडदे धरत नाहीत. आईंना मी सांगितलं की दोन्ही लागले. त्या आता शेजारणींना सांगतात, "माहा लेक दोघायच्या घरात पाहून राहिला." खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही.

परवा मी पुन्हा अमरावतीला गेले. कमलचे टाके निघाले होते. तिला बोटं मोजता येत होती, दारात कोण उभं आहे ते कळत होतं. म्हातारा तिच्या खाटेजवळ गाठोडं बांधत होता, दुपारच्या मोटारीनं निघणार होते. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलली. डोळे माह्या मालकाचे. त्यायचं नाव श्रावण खंडारे. अकोल्याले पोस्टमन होते. आमी बौद्ध."

म्हाताऱ्यानं गाठोड्याची गाठ मारली. मग सोडली, पुन्हा मारली. "मले तवाच समजलं होतं," म्हणाला. "तुमचा चेहरा पाहूनच समजलं. तुमी ‘मालूम नाही’ म्हनलं तं मले बरं वाटलं. पुढं इचारलंच नाही." मग त्यानं आवाज उतरवला. "इथं बोलल्या ते बोलल्या, बाई. तिकडं गावात ही गोठ नेऊ नका. पोरीले सासरी धाडाची हाय."

तो वाईट माणूस नव्हता. ऐकून उठून गेला नव्हता, आणि आधीच ओळखूनही पोरीला टेबलावर जाऊ दिलं होतं. मला ते दिसत होतं. आणि तरी माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की वाटलं, ओरडून सबंध दवाखान्याला सांगावं. डोळा चालतो, नाव चालत नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात पोरगी बोलली.

"बाबा, तुमी थांबा." मग माझ्याकडं तोंड करून, मान तिरकी करून, एका डोळ्यानं मला नीट पाहत म्हणाली, "नाव काय म्हनलं, मावशी?"

"श्रावण खंडारे."

"सरवन..."

"श्रावण." मी वर्गात बोलते तशी बोलले. "श्रा-वण. खंडारे."

तिनं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून पाहिलं. म्हातारा उठून व्हरांड्यात गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मी तिला विचारलं, "सासरी कोनी पुसलं, कोनाचा डोळा म्हनून, तं काय सांगशीन?"

"पुसलं तं सांगीन," ती म्हणाली. "अन् नाही पुसलं तरी सांगीन."

"म्हन मंग," मी म्हटलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या तिच्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात तुमचं नाव तिच्याकडून आणखी एकदा म्हणून घेतलं.